नागपूरचा उन्हाळा मजेत काढायचा असेल तर आधी घड्याळ बदला

मे महिन्यात बाहेरगावचे पाहुणे घरी आले की दुपारी दोन वाजता विचारतात, "चला ना, कुठं तरी चक्कर मारून येऊ." बाप्पा! दुपारी दोनला नागपुरात कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही, पारा ४५-४६ असतो आणि चौकात सिग्नलला थांबलेले लोक झाडाच्या सावलीत पन्नास फूट मागेच गाडी उभी करतात. पण म्हणून इथला उन्हाळा म्हणजे नुसती शिक्षा असं जे म्हणतात ना, त्यांनी दिवसच चुकीचा लावलेला असतो असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मेमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या जरा आधी सूर्य मावळतो. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते रात्री उशिरापर्यंतचा वेळ बाहेरचा, मधला सगळा वेळ घराचा. एवढं एकदा मान्य केलं की पोट्ट्यांच्या सुट्ट्या, आंबे, गच्ची, फिरणं सगळं बसतं त्यात. खाली जे लिहितोय ते याच हिशोबानं, आधी घर, मग खाणं, मग फिरणं.

घर थंड ठेवणं (इथं जरा वेळ देतो, कारण बाकी सगळं यावर आहे)

सकाळी नऊच्या आत घराच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, विशेषतः पश्चिमेकडचे. संध्याकाळी सात-साडेसातला बाहेरची हवा जरा उतरली की सगळ्या उघडायच्या. बरेच लोक उलटं करतात, दुपारी "हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडतात आणि मग ती गरम झळ घरात येऊन भिंती तापवते आणि रात्री बारापर्यंत घर भट्टी होऊन बसतं.

आता कूलर. नागपूर आणि कूलर यावर वेगळं काय सांगायचं, पण तरी सांगतो, कारण कूलर नीट लावलेला असला तर आपल्या कोरड्या हवेत तो एसीला भारी पडतो आणि वीज त्याच्या कितीतरी कमी घेतो. कूलरचं काम साधं आहे. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, हवा थंड होते. म्हणजे त्याला दोन गोष्टी पाहिजेत, एक म्हणजे मागून बाहेरची मोकळी हवा आणि दुसरी म्हणजे आतली हवा निघून जायला वाट. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या तर तीच ओली हवा फिरत राहते, अंग चिपचिप होतं आणि मग म्हणायचं कूलर थंड देत नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला, आणि समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी. बस.

मार्चमध्ये माळ्यावरून काढला की हे करून घ्या. जुनं गवत काढून फेका, वर्षभर पडून त्यात क्षार बसलेले असतात आणि पाणी धरत नाही. नवं वूडवूल भरताना दाबून कोंबू नका आणि मोकळी जागाही सोडू नका, सारखं पसरवा. जमलं तर एका बाजूला वाळ्याची ताटी लावा, महाग जाते पण पहिलं पाणी पडल्यावर घरात जो वास सुटतो त्यासाठी पैसे गेले तरी चालतात. मग वरच्या पन्हाळीची भोकं सुईनं साफ करा, बोअरच्या पाण्यानं ती बुजतात आणि गवताचा एक पट्टा कोरडा राहतो, त्या कोरड्या पट्ट्यातून सरळ गरम हवा आत येते. पंप सुरू करून तिन्ही बाजूंना हात लावून बघा, सगळीकडे ओलं लागलं पाहिजे. रोज लावताना आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा.

आणि एक गोष्ट जी हसण्यावारी न्यायची नाही. लोखंडी बॉडीच्या कूलरचा करंट लागून दरवर्षी विदर्भात माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरताना. त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची, पायात चप्पल घालायची, आणि लहान पोरांना नळी धरायला अजिबात सांगायचं नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरायची, डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि त्याला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आठवड्याला टाकी कोरडी झाली की त्याचा खेळ खल्लास.

माठाचं थोडक्यात. नवीन माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं एक-दोन दिवसांचं पाणी झाडांना घाला. साबण लावायचा नाही, साबण छिद्रात बसतो, माठ पाझरत नाही आणि पाझरला नाही तर थंड कसा होईल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बंद जागी ठेवू नका, जिथून वारा जातो तिथं ठेवा, खाली ओली रेती. त्या रेतीत मूठभर मेथीदाणे टाकले तर आठवडाभरात इवलीशी मेथी उगवते, पोरांना ती रोज बघायला भारी आवडतं.

दुपार काढणं

अकरा-साडेअकराला जेवण, एकला झोप, हे मोठ्यांचं. पोट्टे झोपत नाहीत. मोबाईल त्यांच्या हातात द्यायचा नसेल तर तुम्हाला थोडी मेहनत करावी लागेल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चालणारा खेळ अष्टचंग आहे. बंगईच्या (झोपाळ्याच्या) खाली थंड फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरांचा चौकोन काढायचा, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुली मारायची. दोन चिंचोके फोडून चार फाकी करायच्या, एक बाजू काळी, एक पांढरी. चिंचोका फुटत नसेल तर अख्खे चार घ्या आणि दगडावर एका बाजूनं घासून पांढरे करा, या घासण्यातच अर्धी दुपार जाते, तोही फायदाच.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या, कोणी शेंगदाणे घ्या, कोणी बटणं, कोणी बांगडीचे तुकडे. चार चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे वर तेवढी घरं पुढं. चारही पांढरे पडले तर चंग म्हणजे चार, एकही पांढरा नाही तर अष्ट म्हणजे आठ, आणि चंग किंवा अष्ट पडलं की परत खेळायला मिळतं. आपल्या फुलीपासून निघून बाहेरच्या घरांतून पूर्ण फेरा, मग उलट्या दिशेनं आतल्या आठ घरांचा फेरा, मग मधल्या घरात पोचायचं. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली की ती मेली, तिला परत घरून निघावं लागतं, पण फुलीवर बसलेली मारता येत नाही. आणि एकाला तरी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही, या एका नियमामुळं शांत बसलेली आजीसुद्धा नातवाची सोंगटी मारायला टपून बसते. खेळायच्या आधी नियम सगळ्यांनी मोठ्यानं ठरवून घ्या, प्रत्येक घरचे वेगळे असतात आणि भांडणं त्यावरूनच होतात.

एक दिवस मात्र भर दुपारी बाहेर यायचं आहे, पाच मिनिटांसाठी. २६ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाऊन गायब होते. शून्य सावली. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या गावांना हे वर्षातून दोनदा मिळतं, दुसऱ्यांदा जुलैत, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ असतं त्यामुळे मेचीच संधी खरी. गच्चीवर एक स्टीलचा ग्लास उलटा ठेवा, पोरांना १२ वाजता खडूनं सावलीची रेघ मारायला लावा, दर दोन मिनिटांनी मारा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, चालू असतो, गच्ची अक्षरशः तवा झालेली असते, त्यामुळे चप्पल, डोक्याला दुपट्टा आणि फोटो काढून लगेच खाली.

उन्हाळ्याचं खाणं

पन्हं सगळ्यांना येतं म्हणून दोनच गोष्टी सांगतो. कैऱ्या उकडून गर काढला की त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ घाला, कैरी किती आंबट यावर ठरवा, वेलची, मीठ, आणि हा गर असाच काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, ऐनवेळी पाण्यात कालवला की झालं. दुसरं म्हणजे कधीतरी कैरी उकडण्याऐवजी गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजून बघा, त्यात काळं मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना. उन्हातून आलेल्याला हे दुसरं जास्त मानवतं असं आमच्याकडे म्हणतात आणि चवीला तर ते आहेच. बेलफळाचं सरबत करत असाल तर गर पाण्यात भिजवून हातानंच कालवा आणि गाळा, मिक्सर लावला की बिया फुटून कडू होतं. सातूचं पीठ, गुळाचं पाणी आणि चिमूटभर मीठ हा सकाळी फिरून आल्यावरचा नाश्ता, पोटात गार आणि दुपारपर्यंत भूक नाही.

आणि बाहेरच्यांना एक सांगून ठेवा, मेमध्ये संत्र्याचा हट्ट धरायचा नाही. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळ्यात जी दिसतात ती कोल्ड स्टोरेजची. या दिवसांत टरबूज खावं, रसवंतीवर बसून आलं-लिंबू घातलेला उसाचा रस प्यावा, बर्फ विचारून घ्यावा किंवा बिनबर्फाचाच घ्यावा.

आंब्याच्या रसासाठी बाजारात बैंगनपल्ली भरपूर मिळतो आणि मिक्सरमधून मस्त घट्ट रस होतो, पण गावरान आंबा मिळाला तर तो सोडू नका. कच्चे, पाडाला आलेले आंबे आणून तणसात, म्हणजे वाळल्या गवतात, थर देऊन घरीच पिकवा, एक थर तणीस, एक थर आंबे, वरून पोतं, दोन-तीन दिवसांनी रोज उघडून पिकलेले वेगळे काढा, नाहीतर एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे पण तरी आंबा कसा पिकवलाय ते विकणारा सांगणार नाही. खायच्या आधी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा. गावरान आंबा मिक्सरमध्ये घालायचा नाही, रेषा तुटून रसाला तुरट चव येते. हातानं माचवून, देठाकडचा पहिला चीक पिळून फेकून, गंजात म्हणजे पातेल्यात पिळायचा, मग कोयी आणि साली थोड्या दुधात धुवून घ्यायच्या. चिमूटभर मीठ, मिरपूड किंवा सुंठ, आणि ताटात वरून तुपाची धार. सोबत सरगुंडे असतील तर मग विचारूच नका. जुन्या बायका काडीवर कणकेची वळी गुंडाळून सरगुंडे करतात, वाळवतात, मग उकडून रसात. आता घरी करणारे कमी झालेत, बचत गटाच्या स्टॉलवर मिळतात, तिथून घ्या, काही कमीपणा नाही. शेवयासुद्धा चालतात.

पण खरी उन्हाळ्याची मजा मी म्हणेन कुरडयांची. तुम्ही म्हणाल ही तर कामं आहेत, मजा कुठून. एकदा पोरांना घेऊन करून बघा. एक किलो गहू घ्या, एका वेळी यापेक्षा जास्त नको. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, आपल्याकडच्या गर्मीत दिवसातून दोनदा बदललं तर वास कमी येतो. चौथ्या दिवशी स्वच्छ धुवून मिक्सरवर पाणी घालत वाटायचे, पातळ फडक्यातून पिळून पांढरं दूध काढायचं, चोथा परत एकदा वाटून परत पिळायचा. हे दूध रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी वर निवळ पाणी आणि खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. वरचं पाणी हळूच ओतून द्या, भांडं हलवायचं नाही.

आता पहाटे साडेपाचला उठायचं. चीक वाटीनं मोजा, तेवढंच पाणी जाड बुडाच्या गंजात उकळायला ठेवा, त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ कमीच घाला, वाळल्यावर खारटपणा वाढतो. पाणी खळखळ उकळलं की एकानं चिकाची धार धरायची आणि दुसऱ्यानं लाकडी दांड्यानं एकसारखं घाटत राहायचं, थांबायचं नाही, थांबलात की गुठळ्या. आधी ते दुधासारखं पांढरं असतं, मग एकदम जड होतं, दांडा अडकायला लागतो, बाजूनं सुटतं आणि रंग काचेसारखा होतो, बोट ओलं करून लावलं तर चिकटत नाही. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ. इथं थांबा. सोऱ्यात भरायच्या आधी प्रत्येक पोराच्या वाटीत एक-एक डाव गरम चीक, वरून कच्चं तेल आणि तिखट, किंवा दूध-साखर, ज्याला जे आवडेल ते. हा चीक हॉटेलात मिळत नाही, पॅकेटमध्ये मिळत नाही, वर्षातून एकदाच सकाळी सात वाजता गच्चीवर मिळतो आणि मला विचाराल तर कुरडई हा त्याचा बहाणा आहे.

मग गरम असतानाच जाड प्लास्टिकवर किंवा धुतलेल्या सुती धोतरावर कुरडया घालायच्या. साडेआठपर्यंत उरकून खाली यायचं. पोरांना राखणीला बसवायचं तर सावलीत जिन्याच्या दाराशी, कावळ्यांसाठी काठी देऊन. दुपारपर्यंत वरची बाजू कडक होते, संध्याकाळी उलटवायच्या, दुसऱ्या दिवशी पूर्ण ऊन, हातात मोडून कट्ट आवाज आला की डब्यात. ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते.

गच्चीवरची रात्र

सूर्य गेल्यावर गच्चीवर पाणी मारायचं, पण एकदाच मारून भागत नाही, पहिलं पाणी नुसती वाफ होऊन जातं, अर्ध्या तासानं परत मारा. स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतो त्यामुळे दहाच्या आधी गाद्या टाकू नका. लोखंडी किंवा नायलॉनच्या पट्टीची खाट असेल तर उत्तम, खालून हवा खेळते. मच्छरदाणी बांधायला चार काठ्या आधीच लावून ठेवा, आणि पहाटे जरा गारवा सुटतो म्हणून पोरांसाठी एक पातळ चादर.

आता पोरं झोपत नाहीत, मग वर बघा. मेच्या रात्री नऊ-दहाला उत्तरेकडे उंच सप्तर्षी दिसतात. त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांचा जो बाक आहे तो तसाच पुढं ओढत नेला की एक ठळक नारिंगी तारा लागतो, ती स्वाती. तोच बाक आणखी पुढं दक्षिणेकडे नेला की पांढरी-निळसर चित्रा. एवढं शिकवलं की पोरगं पुढच्या वर्षी स्वतःच शोधतं. आणखी उशिरा आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो, त्याची आकडी नांगी आणि मधली लालसर ज्येष्ठा ओळखायला सगळ्यात सोपी. शहराच्या उजेडात एवढंच दिसतं, आकाशगंगा पाहायची तर पेंचकडे जावं लागेल, ते खाली सांगतो.

अर्ध्या दिवसाचं फिरणं

सकाळचं फिरणं साडेपाचला सुरू झालं पाहिजे. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन, कुठंही जा पण आठला परत. येताना तर्री पोहा खाऊन यायचा हे सांगायला नको.

दुपारी चारला पोरं फार बोअर झाली तर मेट्रो. खरंच सांगतो, सगळ्यात स्वस्त एसी पिकनिक आहे ही. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, सीताबर्डीला गाडी बदलायची. वर्धा रोडवर पोरांना खिडकीशी बसवा, खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच खांबांवर सगळ्यात वर आपली मेट्रो. हा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला. उतरून गांधीसागरजवळच्या रामन सायन्स सेंटरला जाता येतं, तिथलं तारांगण रात्रीच्या गच्चीच्या आधी दाखवलं तर दुहेरी फायदा. सर सी. व्ही. रामन स्वतः १९१० च्या सुमारास सरकारी नोकरीत नागपुरात होते. अजब बंगला म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं आहे, सोमवार सोडून जा.

रामटेक. पन्नासेक किलोमीटर, दुपारी साडेचारला निघा, मनसरवरून वळा, सहाच्या आत गडावर. सूर्यास्त गडावरून बघायचा, खाली अंबाळा तलाव, पलीकडे पसरलेला प्रदेश. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच असं बरेच अभ्यासक मानतात, वर कालिदास स्मारकही आहे. दोन सूचना. मंदिरात अनवाणी जायचं असतं आणि तो दगड संध्याकाळपर्यंत तापलेला असतो, म्हणून सगळ्यांसाठी जाड मोजे पिशवीत टाका, लहान पोरांसाठी तर नक्कीच. आणि माकडं, हातात प्रसादाची पिशवी उघडी धरून चालायचं नाही. वेळ असला तर जाताना नगरधनचा किल्ला बघा, वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी त्या भागात होती. खिंडसीला बोटिंग करायचं असेल तर ते सकाळच्या ट्रिपमध्ये ठेवा, संध्याकाळी गड आणि खिंडसी दोन्ही होत नाही, धावाधाव होते.

सेवाग्राम, साधारण ७५ किलोमीटर. पहाटे पाचला निघून साडेसहा-सातला तिथं. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले. पोरांना इतिहास सांगा, पण त्याआधी बापू कुटीत नुसतं उभं राहू द्या आणि बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक विचारा. मातीच्या जाड भिंती, बांबू, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. आपण स्लॅब घालून मग त्याला कूलर लावतो. तिथून पवनारला धाम नदी आणि विनोबांचा आश्रम, नदीत उतरायचं नाही, काठावर बसायचं. वर्ध्यातून गोरसपाक (तिथली बिस्किटं) घ्यायचा आणि अकराच्या आत घरी.

कोणाचं वावर असेल तर रोडग्यांची पार्टी, याला तोड नाही. भरड कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घड्या घालून गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत झणझणीत वांग्याची भाजी, वरून सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पण उन्हाळ्यात सगळं वाळलेलं असतं, म्हणून जाळ विहिरीजवळ मोकळ्या जमिनीवर, कडबा-तणसापासून लांब, सकाळी वारा सुटायच्या आत, आणि निघताना राखेवर दोन बादल्या पाणी. जंगलात किंवा जंगलाला लागून अजिबात नाही.

एक रात्र बाहेर

पेंच. ऑक्टोबर ते जून उघडं असतं आणि मे-जूनमध्ये जनावरं पाणवठ्यावर येतात त्यामुळे दिसायची शक्यता जास्त. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही आपल्या बाजूची गेटं, बुकिंग ऑनलाइन आणि सुट्ट्यांत बरंच आधी. सकाळची सफारी घ्या, दुपारची लहान पोरांना सोसत नाही. कपडे मळकट रंगाचे, नाक-तोंडाला दुपट्टा, ओळखपत्र ओरिजिनल. आणि शक्यतो अमावास्येच्या आसपासची तारीख धरा, कारण जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश, म्हणून मान्यता मिळाली आहे. गच्चीवर शिकवलेला वृश्चिक इथं आकाशगंगेच्या पट्ट्यात बुडालेला दिसतो. ज्यांना चांदणंच पाहिजे त्यांच्यासाठी बुद्ध पौर्णिमेला वनखात्याची मचाणावरची रात्र असते, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, पण तिथं रात्रभर गप्प बसायचं असतं, पोट्ट्यांचं काम नाही ते.

चिखलदरा आणि पचमढी हजार मीटरच्या वर आहेत, थंड आहेत, पण मेमध्ये गर्दी प्रचंड आणि रस्ता पाच तासांच्या पुढंच, एका रात्रीसाठी जाऊ नका, दोन तरी काढा आणि घाट दुपारच्या आत चढा.

पिशवीत काय पाहिजे

प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. सुती दुपट्टे, एक ओला टॉवेल डब्यात. कांदा खिशात ठेवायचा असेल तर ठेवा, आजीचं मन राहतं, पण त्याच्या भरवशावर उन्हात हिंडू नका. कोणाला ताप चढला, बडबडायला लागला, उलटी होऊन ग्लानी आली तर सावलीत आडवं करून कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी मारून पंख्यानं वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका आणि सरळ १०८ ला फोन. दुकानात दोन मिनिटांचं काम असलं तरी लहान मुलाला बंद कारमध्ये सोडायचं नाही. टायरमधली हवा पहाटे निघताना, टायर थंड असताना बघून घ्या, आणि गाडी उन्हात उभी होती तर बसायच्या आधी चारही दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, सीटबेल्टचं लोखंड पोरांच्या हाताला लागायच्या आत स्वतः धरून बघा.